माणूस घडवायचा, तर आधी काम घडवा

नाशिक जिल्ह्यातल्या कळवणसारख्या तालुक्यात कुठल्याही कार्यालयात, शाळेत किंवा संस्थेत काम रखडले की कारण एका वाक्यात सांगून मोकळे होतात: माणसेच कामाची राहिली नाहीत. मग उपायही ठरलेले असतात. एखादे प्रेरणादायी व्याख्यान, दोन दिवसांचे प्रशिक्षण, कारणे दाखवा नोटीस, नाही तर आदर्श कर्मचारी पुरस्कार. या चारही उपायांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. कामाची ओढ माणसाच्या स्वभावात असते. ती कमी पडली तर भाषणाने, धाकाने किंवा बक्षिसाने वरून भरता येते.

हे गृहीत उथळ आहे, आणि आमच्या भागात त्याची किंमत आश्रमशाळेतली मुले आणि पाड्यावरच्या बाळंतिणी मोजतात. माझे म्हणणे असे: कामाची ओढ मुख्यतः कामाच्या मांडणीतून तयार होते. मोबदल्याची आणि नेमणुकीची खात्री, केलेल्या कामाचे डोळ्यांना दिसणारे फळ, चुकले तर शेजारी उभे राहून दाखवणारा जाणता माणूस आणि निर्णयात थोडासा वाटा, या चार गोष्टी असतील तिथे साधी माणसे मोठी कामे करतात. त्या नसतील तिथे उमेदीने आलेला माणूसही दोन-चार वर्षांत सही करण्यापुरता उरतो. मनुष्यबळ विकास म्हणजे या चार गोष्टींची रचना करणे, आणि तीही योग्य क्रमाने.

हा समज टिकून का आहे?

तो टिकतो, कारण तो सोयीचा आहे. दोष कर्मचाऱ्याच्या स्वभावाचा ठरला की रचनेला हात लावावा लागत नाही. व्याख्यान एका दुपारी उरकते. रिक्त पद भरायला वर्षे लागतात. प्रशिक्षणाला किती जण आले हे सायंकाळी मोजता येते. त्यात शिकलेले किती वर्गात किंवा वॉर्डात उतरले हे पाहायला तीन महिन्यांनी परत जावे लागते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ सालीच प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: लोकांना ते कसे वाटले, ते काय शिकले, शिकलेले कामात वापरले का, आणि त्याचा कामाच्या फळावर काय परिणाम झाला. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणे पहिल्या पायरीच्याही अलीकडे, हजेरीपटावर थांबतात. २०२० साली केंद्र सरकारने सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिशन कर्मयोगी मंजूर केल्यापासून अभ्यासक्रम मोबाइलवर आले. ही सोय चांगलीच आहे. पण पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची संख्या हीच प्रगती मानली, तर हजेरीपट कागदावरून पडद्यावर गेला, एवढाच फरक.

या विषयाची भारतातली सुरुवात अशी नव्हती. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९७४ साली अहमदाबादच्या आयआयएममधील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना आपली कामगिरी-मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावले. मूल्यमापनाचा फॉर्म सुधारून देणे एवढ्यावर त्यांनी काम संपवले नाही. कामगिरीची चर्चा, वरिष्ठाने द्यायचा सल्ला, पुढच्या जबाबदारीची तयारी आणि प्रशिक्षण या सगळ्यांची एकत्र रचना त्यांनी सुचवली, आणि १९७५ साली कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देशातल्या या पहिल्या प्रयत्नातच प्रशिक्षण हा एका मोठ्या रचनेचा एक भाग होता. आपण तो भाग उचलला आणि रचना मागे ठेवली.

पहिली पायरी: पायाखालची जमीन

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून एक महत्त्वाचा भेद दाखवला. पगार, नोकरीची शाश्वती, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या नीट असल्या म्हणून तो आपोआप झपाटून कामाला लागत नाही. झपाटा येतो तो कामातल्या यशातून, जबाबदारीतून आणि वाढीतून. व्यवस्थापनाच्या वर्गांत हा सिद्धान्त पुष्कळ शिकवला जातो, आणि त्यातून एक घातक निष्कर्ष काढला जातो: पगार आणि शाश्वती गौण आहेत, माणसाला ध्येय द्या.

ज्यांच्या मुलाखती झाल्या ते पांढरपेशे नोकरदार होते, हे तो निष्कर्ष काढताना विसरले जाते. आदिवासी विकास विभागाच्या कळवण प्रकल्पातल्या आश्रमशाळांमधला रोजंदारीवरचा शिक्षक किंवा कामाठी त्या जमिनीवर उभा नाही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या, सतरा संवर्गांची भरती न्यायालयीन वादात अडकली, तेव्हा २०२४ मध्ये माजी आमदार जे. पी. गावित यांच्या नेतृत्वाखाली नाशिकला उपोषण झाले आणि मानधनावर तात्पुरत्या नेमणुकांचा मार्ग काढावा लागला. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांमधल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोताने भरती करण्याच्या विरोधात आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. पुढच्या जूनमध्ये आपण याच शाळेत असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मुलांच्या पाच वर्षांच्या प्रगतीचा आराखडा मनापासून आखायला सांगणे अन्यायाचे आहे, आणि निरुपयोगीही.

शाश्वतीचा शिकण्याशी थेट संबंध आहे. बदली किंवा नेमणूक संपण्याच्या टांगत्या तलवारीखाली माणूस फक्त तेच शिकतो, जे कुठेही उपयोगी पडेल: फॉर्म कसे भरायचे, तपासणीला काय दाखवायचे. या गावातल्या मुलांची बोली, कुठल्या पाड्यावरची मुले दिवाळीनंतर परत येत नाहीत, कुठल्या घरातले आई-बाप द्राक्षाच्या हंगामात बाहेर असतात, हे ज्ञान मिळवायला वेळ लागतो आणि ते दुसरीकडे चालत नाही. तिथे राहण्याची खात्री नसलेला माणूस ते मिळवत नाही, आणि त्यात त्याचा आळस नसतो.

दुसरी पायरी: दिसणारे फळ

जमीन पक्की झाली म्हणजे काम उभे राहिले असे नव्हे. दुसरी गरज आपल्या कामाचे फळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची. याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोलाचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांमध्ये गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, इथवर त्या पोचल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते ९५ या काळात हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूचे प्रमाण १९९७-९८ मध्ये २५ च्या आसपास आले. ज्या गावांत हे काम नव्हते त्यांच्याशी तुलना करता ही घट ६२ टक्क्यांची होती.

या बायका कुठल्या व्याख्यानाने पेटलेल्या नव्हत्या. त्यांच्या कामाची मांडणी पाहा. जबाबदारी ठरावीक: आपले गाव, आपली बाळे. काम टप्प्याटप्प्याने वाढलेले: आधी निरीक्षण आणि नोंदी, मग आजारी बाळांवर उपचार. पर्यवेक्षक गावात येऊन नोंदी तपासत आणि समोर बसून चूक दुरुस्त करत. आणि फळ रोज डोळ्यांपुढे: वजन वाढते की नाही, बाळ दूध ओढते की नाही. ज्या आईच्या बाळाचा श्वास काल आपण मोजला, ती आज विहिरीवर भेटते. या मांडणीत कामाची ओढ वेगळी ओतावी लागत नाही.

पुढे २०११ पासून हीच कल्पना देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नेण्यात आली. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर सहा, घरी झाले असेल तर सात गृहभेटी, आणि त्या सगळ्या पूर्ण झाल्यावर मिळून २५० रुपये. भेटींचे दिवस, तक्ते, फॉर्म सगळे ठरले. पण मूळ रचनेचा जीव होता तो गावात येऊन शिकवणाऱ्या पर्यवेक्षणात, आणि विस्तार करताना सर्वांत पातळ झाले तेही पर्यवेक्षणच. कागदावर नेता येण्याजोगा भाग पुढे गेला. माणसाने माणसाला शिकवण्याचा भाग मागे पडला. आपल्या प्रशासनात चांगल्या प्रयोगांचे पुन्हा पुन्हा हेच होते.

तिसरी पायरी: शिकणे कामाच्या आत असते

कळवण, सुरगाणा आणि पेठच्या डोंगराळ भागातून दर वर्षी मजुरांच्या टोळ्या दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांमध्ये जातात. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतचे काम त्यांच्या हातून होते: काडीवरचा फळ देणारा डोळा ओळखून छाटणी, पेस्ट लावणे, शेंडे मारणे, घडांची विरळणी, जिबरेलिक ॲसिडच्या (जीए) द्रावणात घड बुडवणे. निर्यातीच्या बागेत एका डोळ्याचा अंदाज चुकला तरी घड जातो, विरळणी फाजील झाली तर घड विस्कटतो. हे बारीक कौशल्याचे काम आहे, आणि ते शिकवणारा एकही वर्ग कुठे भरत नाही.

तरीही ते उत्तम शिकले जाते. नवा पोरगा टोळीत आला की पहिल्या हंगामात त्याच्याकडे सोपे, चुकले तरी निभावेल असे काम येते. त्याच ओळीत दोन वेली पुढे जाणता माणूस असतो. हात कसा चालतो ते दिसते, चूक त्याच क्षणी सांगितली जाते, आणि काम एकराच्या हिशेबाने उक्ते घेतलेले असल्यामुळे नव्याचा हात लवकर बसावा ही सगळ्या टोळीचीच गरज असते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली नेमके हेच मांडले. नवखा माणूस कामाच्या कडेला खऱ्याच कामात भाग घेतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. शिकणे म्हणजे हा प्रवास. त्यांनी त्यासाठी मेक्सिकोतल्या युकातानच्या सुईणींपासून लायबेरियातल्या शिंप्यांपर्यंतची उदाहरणे अभ्यासली. आपल्याला तो सिद्धान्त द्राक्षाच्या मांडवाखाली पाहता येतो.

टोळीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिथे मुकादमाची उचल आहे, औषधांचा संपर्क आहे, मुलांच्या शाळेची वाताहत आहे, आणि मजुराच्या कौशल्याला कुठलाही दाखला नाही. माझा मुद्दा शिकण्याच्या रचनेपुरता आहे. ज्या माणसांना आपण अप्रशिक्षित म्हणतो त्यांच्याकडे शिकण्याची चांगली रचना आहे; ज्यांना प्रशिक्षित म्हणतो त्या नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी एकटे वर्गात सोडले जाते. दळवट-कनाशीच्या पट्ट्यातल्या आश्रमशाळेत परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला पहिलीतल्या मुलांची कोकणा बोली कळत नाही. ती कळते स्वयंपाकिणीला आणि कामाठ्याला, ज्यांना शिक्षकांच्या बैठकीत बसायला कुणी सांगत नाही. शाळेतले सर्वांत गरजेचे ज्ञान शाळेतच हजर असते, आणि पदांच्या उतरंडीमुळे ते वाया जाते.

हाच निकष मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेलाही लावावा लागेल. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत बारावी झालेल्यांना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर नेण्यात आली. तरुणांना खऱ्या कामाजवळ नेण्याचा विचार योग्यच आहे. पण कार्यालयात कोणी शिकवायचे, कोणत्या महिन्यात काय शिकवायचे आणि शिकवणाऱ्याचा त्यासाठीचा वेळ कुठून काढायचा, हे ठरल्याशिवाय प्रशिक्षणार्थी म्हणजे स्वस्तातला मदतनीस होतो. मुदत संपल्यावर त्याच्या हाती कौशल्याऐवजी अपेक्षाभंग राहतो.

चौथी पायरी: निर्णयात वाटा

१९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या खात्यात एक प्रयोग केला. तिथे कामगार बारा निरनिराळ्या कामांत विभागलेले होते. प्रत्येकाला आपला तुकडा माहीत, पण सबंध कापडाची जबाबदारी कुणाचीच नाही. राइस यांनी छोटे गट सुचवले, ज्यांनी ठरावीक मागांची सगळी जबाबदारी मिळून घ्यायची. कामगारांनी ही कल्पना उचलली आणि गट आपसांत ठरवून बनवले. घडी बसल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. पुढच्या दोन दशकांत मात्र बहुतेक ठिकाणी जुनी पद्धत हळूहळू परतली. या दोन्ही गोष्टींतून शिकायला मिळते. वाटा मिळाला की साधा कामगार व्यवस्थापकासारखा विचार करू लागतो, आणि वरून दबाव आला की सर्वांत आधी काढून घेतला जातो तो हाच वाटा.

आश्रमशाळेत वाटा म्हणजे फार मोठे काही नको. संध्याकाळच्या अभ्यासाची वेळ, धान्याच्या आणि भाजीच्या खरेदीतला क्रम, सुट्टीवरून न परतलेल्या मुलांना आणायला कुणी आणि कधी जायचे, हे प्रश्न अधीक्षक, शिक्षक आणि स्वयंपाकघरातले कर्मचारी एकत्र बसून सोडवू शकतात. आज या प्रत्येक गोष्टीसाठी वरच्या पत्राची वाट पाहिली जाते, आणि मग पत्राची वाट पाहणाऱ्यालाच आपण निष्क्रिय म्हणतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: बक्षीस आणि देखरेख यांनी काम सुधारते, याचे पुरावे आहेत. आहेत, आणि ते नाकारायचे कारण नाही. उदयपूरजवळ 'सेवा मंदिर' संस्थेच्या एकशिक्षकी शाळांमध्ये कॅमेऱ्याने हजेरी नोंदवून पगार तिच्याशी जोडला, तेव्हा शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. आंध्र प्रदेशातल्या प्रयोगात मुलांच्या गुणांवर आधारलेल्या बोनसने निकाल सुधारले. पण त्याच उदयपूर जिल्ह्यात सरकारी परिचारिकांच्या हजेरीसाठी तसाच उपाय केला, तेव्हा सुरुवातीला हजेरी वाढली, पण सोळाएक महिन्यांत परिणाम नाहीसा झाला, कारण आरोग्य प्रशासनानेच सवलतीचे दिवस देऊन ती व्यवस्था पोकळ केली. देखरेखीचा उपायही शेवटी मांडणीवरच उभा असतो. शिवाय हजेरी मोजता येते. रात्री दोन वाजता तापलेल्या मुलाला मोटारसायकलवरून अभोण्याच्या दवाखान्यात नेणे कुठल्या कॅमेऱ्यात मोजणार?

दुसरा आक्षेप: कायम नोकरी आणि चांगला पगार असलेलेच जास्त टाळाटाळ करतात. काही करतात, यात शंका नाही. पण शाश्वती पुरेशी आहे असा माझा दावाच नाही. ती पहिली पायरी आहे. कायम कर्मचाऱ्याला उरलेल्या तीन गोष्टी मिळत नाहीत: फळ दिसत नाही, कुणी शिकवत नाही, काही विचारत नाही. इलाज त्या तीन जागी करायचा सोडून शाश्वतीच काढून घेतली, तर चार आधारांपैकी शिल्लक असलेला एकमेव आधारही जातो.

तिसरा आक्षेप: माणसा-माणसांत फरक असतोच, एकाच शाळेत एक जीव ओतून शिकवतो, दुसरा तास भरतो. खरे आहे. पण संस्था अपवादात्मक माणसांच्या भरवशावर चालवता येत नाही. जीव ओतणाऱ्याची बदली झाली की शाळा पूर्वपदावर येते, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. चांगल्या मांडणीचा अर्थ असा की मध्यम वकुबाच्या माणसाकडूनही चांगले काम व्हावे, आणि उत्तम माणसाचे शहाणपण त्याच्याबरोबर निघून न जाता मागे राहावे.

चौथा आक्षेप पैशाचा. पदे भरायला पैसा लागतोच, आणि तो द्यायलाच हवा. बाकीच्या तीन पायऱ्यांना मात्र मुख्यतः वेळ लागतो. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी वर्गात शिकवण्याची पद्धत बदलली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहणे हे त्या सगळ्या चळवळीचे इंधन होते, आणि त्याचा खर्च एका सभागृहातल्या प्रशिक्षणाहून फारसा मोठा नाही.

कळवणमध्ये सुरुवात कुठून?

विचार अमलात येण्याजोगा असेल तरच त्याला अर्थ, म्हणून क्रमाने चार गोष्टी मागतो. एक: आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि पेसा गावांतली रिक्त पदे नियमित नेमणुकीने भरावीत, आणि नवा माणूस एका जागी किमान पाच वर्षे राहील असे धोरण असावे. दोन: प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिले वर्ष एका जाणत्या शिक्षकाशी जोडावे, दोघांना आठवड्यातून काही तास एकमेकांच्या वर्गात बसायला मोकळे ठेवावे, आणि मुलांची बोली जाणणाऱ्या कर्मचाऱ्याला या शिकवण्यात मानाचे स्थान द्यावे. तीन: प्रशिक्षणाचा अहवाल समारोपाच्या दिवशी न लिहिता तीन महिन्यांनी शाळेत किंवा उपकेंद्रात जाऊन लिहावा, आणि त्यात एकच प्रश्न असावा: काम काय बदलले? चार: दर महिन्याला प्रत्येक शाळेत सर्व पदांच्या कर्मचाऱ्यांची बैठक व्हावी आणि तिच्या काही ठरलेल्या निर्णयांना वरच्या मंजुरीची गरज नसावी.

यातली पहिली मागणी मंत्रालयाच्या हातची आहे. उरलेल्या तीन प्रकल्प कार्यालय, पंचायत समिती आणि मुख्याध्यापक याच शैक्षणिक वर्षात सुरू करू शकतात. कर्मचारी कामाचे नाहीत असे म्हणण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आधी या चार गोष्टी त्यांना द्याव्यात. तोवर कामचुकारपणाचा पहिला जाब मांडणी करणाऱ्यांकडेच मागितला पाहिजे.